तेर ते सामोस : मराठवाड्याच्या कापडाची वाट आणि ग्रीक बेटे

इ.स.पू. २० चा हिवाळा. रोमचा सत्ताधीश ऑगस्टस ग्रीसच्या पूर्वेकडील सामोस या बेटावर मुक्काम ठोकून होता. देशोदेशीचे वकील तिथे येऊन त्याची भेट घेत होते. त्यांत एक शिष्टमंडळ भारतातून आलेले होते आणि त्यांनी सोबत वाघ आणले होते. कॅशियस डिओ हा इतिहासकार सांगतो की रोमन लोकांनी वाघ हा प्राणी तोवर पाहिलेलाच नव्हता. त्याच्या मते बहुधा ग्रीकांनीही नाही. आजचा धागा या बेटापासून सुरू होतो आणि लातूरच्या पश्चिमेला पन्नासएक किलोमीटरवरच्या एका गावाशी येऊन थांबतो. मधली वाट लांब आहे, म्हणून सावकाश जाऊ.

आधी ते शिष्टमंडळ. स्ट्रॅबो या भूगोलकाराने दमास्कसच्या निकोलसचा हवाला देऊन त्याचे वर्णन केले आहे. निकोलसला हे लोक सीरियातल्या अँटिओकजवळ भेटले होते. निघताना वकील बरेच होते. प्रवासाच्या लांबीने बाकीचे मेले आणि तिघेच उरले. राजाचे पत्र कातड्यावर आणि ग्रीक भाषेत लिहिलेले होते. आपण सहाशे राजांचे अधिपती असूनही ऑगस्टसच्या मैत्रीला मोल देतो, असा त्याचा आशय होता. नजराण्यात मोठमोठे साप होते, नदीतले तीन हात लांबीचे कासव होते, गिधाडाहून मोठा म्हणवणारा तित्तिर होता. शिवाय जन्मतः हात नसलेला एक मुलगा होता. डिओ सांगतो की तो पायाने धनुष्य ओढी, बाण सोडी आणि तुतारी तोंडाला लावी. माणसालाही नजराण्याच्या यादीत बसवणारा तो काळ होता, हे वाचताना विसरता येत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. या मंडळींतला एक जण पुढे ऑगस्टसबरोबर अथेन्सला गेला. त्याच्या थडग्यावरचा लेख स्ट्रॅबोने नोंदवला आहे आणि त्यात त्याचे गाव दिले आहे : बार्गोसा. बहुतेक अभ्यासक हे गाव म्हणजे बारिगाझा, म्हणजे भरुकच्छ, आजचे नर्मदाकाठचे भडोच मानतात. आणि भडोच हे त्या काळी मराठवाड्याचे बंदर होते.

हे विधान उगाच अभिमानाने केलेले नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी वाटाडी लिहिली. त्याने स्वतःचे नाव दिलेले नाही. पण तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंत कोणत्या बंदरात काय विकले जाते आणि काय विकत मिळते, याची त्याला बारीक माहिती होती. तो लिहितो की बारिगाझाच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीक मोठ्या प्रमाणात येतो. तगरहून साधे सुती कापड पुष्कळ येते, तऱ्हेतऱ्हेची मलमल येते आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड येते. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, बारिगाझाला उतरवला जातो.

तगर म्हणजे तेर. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले, संत गोरोबाकाकांचे तेर. एकोणिसाव्या शतकात तगरच्या जागेवरून मोठा वाद होता. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, त्यामुळे आणखी काही गावांचीही नावे पुढे आली. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने निकाल मांडला आणि पुढे उत्खननांनी तो पक्का होत गेला.

अंतरांचा हिशेब तुम्हीही फोनवरच्या नकाशावर करून पाहू शकता. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर भरते, म्हणजे दहा दिवसांच्या वाटेला दिवसाला पंधरा. भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर, वीस दिवसांत, म्हणजे दिवसाला साडेसतरा. वाटेची वळणे धरली तर दोन्हीकडे थोडी भर पडेल. पण वेग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघतो आणि तो लादलेल्या बैलगाडीचा आहे. दिशा मात्र ग्रंथकर्त्याने थोडी चुकवली आहे. तेर पैठणच्या नेमके पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. तो स्वतः दख्खनमध्ये उतरला नसावा; बारिगाझाच्या धक्क्यावर गाडीवानांकडून आणि दलालांकडून ऐकलेले त्याने टिपून ठेवले असावे. ऐकीव माहिती दिशेत चुकते, दिवसांच्या हिशेबात सहसा चुकत नाही. चालणाऱ्याला दिवस मोजावेच लागतात.

एक प्रश्न इथे कुणालाही पडावा. तेरहून कल्याण सरळ रेषेत साधारण ३३० किलोमीटर आहे. मग माल पैठणवरून ५०० किलोमीटर दूरच्या भडोचला का जात होता? उत्तर त्याच ग्रंथात पुढच्याच परिच्छेदात आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे ‘सांदनेस’ नावाच्या सत्ताधीशाच्या वेळी तिथला व्यापार अडवला गेला. चुकून एखादे ग्रीक जहाज कल्याणला लागलेच, तर पहाऱ्यात बारिगाझाला नेले जाण्याची भीती असे. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्या झगड्याचा हा काळ. नाशिकच्या लेण्यांतून आपण तो लढायांच्या आणि दानांच्या रूपाने वाचतो. पेरिप्लसमध्ये तोच झगडा तेरच्या विणकराच्या बाजूने दिसतो : राजांच्या भांडणाने त्याच्या कापडाची वाट काही दिवसांनी लांबली होती.

तगरच्या मालाबद्दल आणखी एक वाक्य आहे आणि नांदेड-लातूरच्या वाचकांनी त्यापाशी थांबावे. किनाऱ्याकडच्या प्रदेशांतून येणारा इतर मालही तगरमार्गे पुढे जातो, असे तो म्हणतो. हा किनारा पूर्वेचा, म्हणजे आंध्राचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती वाट नेमकी कोणती, हे त्याने सांगितलेले नाही. पण तेरवरून तेलंगणातल्या कोंडापूर या सातवाहनकालीन नगराकडे नकाशावर रेघ ओढा. ती लातूरच्या दक्षिणेकडून बालाघाटाच्या पठारावरून बीदरकडे उतरते. तेर हे वाटेच्या टोकाचे गाव नव्हते, ते दोन समुद्रांमधले नाके होते. आणि कापसाची काळी जमीन त्याच्या चहूबाजूंना होती. नांदेडकडे ‘गावरानी’ म्हणून ओळखला जाणारा देशी कापूस विसाव्या शतकापर्यंत नावाजलेला होता. त्याचे कूळ या भूमीत फार जुने आहे.

आता कापड समुद्रावर चढवू. इजिप्तमधून भारताकडे निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारा धरत आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्याने परतत. स्ट्रॅबोच्या काळी तांबड्या समुद्रातल्या मायोस होर्मोस या एकाच बंदरातून १२० जहाजे भारताकडे जात होती. परतल्यावर माल उंटांवर लादून वाळवंट ओलांडायचे, नाईल नदी गाठायची आणि नदीतून अलेक्झांड्रियाला उतरायचे. प्लिनीने बेरेनिके या बंदराची वाट बारा दिवसांची दिली आहे. चालणे बहुतेक रात्री, उन्हाच्या धाकाने. नाईलमधले बारा दिवस वेगळे. सीमेवर रोमन सरकार मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा जकात म्हणून घेई. बैल, जहाज, उंट, होडी : इतकी वाहने बदलून तेरचे कापड भूमध्य समुद्राच्या काठावर येत होते.

अलेक्झांड्रियाहून किंवा सीरियाहून उत्तरेकडे निघालेल्या जहाजाला आशिया मायनरचा किनारा धरून जाताना बेटांची एक रांग लागते. आधी ऱ्होड्स, मग कोस, मग लहान लहान खडकाळ बेटे आणि पुढे सामोस. आपले ते तीन वकील अँटिओकहून सामोसला गेले तेव्हा कोणत्या बंदरांत थांबले, याची नोंद नाही. पण समुद्रमार्गे गेले असतील तर ही बेटे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलीच असणार. एका बेटावरून दुसरे दिसते, दुसऱ्यावरून तिसरे. नर्मदेच्या मुखातून निघून कित्येक दिवस जमीन न दिसणारा समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला हा समुद्र तळ्यासारखाच वाटला असेल.

या बेटांची अर्थव्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जमीन थोडी आणि दगडाळ, धान्य पुरेसे पिकत नाही. म्हणून द्राक्षे, ऑलिव्ह आणि जहाजे यांवर पोट. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी भरून घेतलेल्या लातूरकरांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही : जे आपल्याकडे नाही ते दुरून आणायचे तर वाट नीट राखावी लागते. ऱ्होड्सने तेच केले. चाच्यांचा बंदोबस्त करणारे आरमार हे त्या बेटाचे भांडवल होते. डेलोस या इवल्याशा बेटाला रोमने इ.स.पू. १६६ मध्ये जकातमुक्त बंदर केले आणि ते भरभराटीला आले. पुढे इ.स.पू. ८८ आणि ६९ मध्ये दोनदा लुटले गेल्यावर ते उतरणीला लागले. आपले वकील आले तोवर त्याचे वैभव सरलेले होते.

कोस बेटावर मात्र रेंगाळायला हवे, कारण तेरशी त्याचे दुहेरी नाते जुळते. पहिले कापडाचे. कोसची स्त्रियांची वस्त्रे अतिशय पातळ, जवळजवळ पारदर्शक, म्हणून प्रसिद्ध होती. ती रानटी रेशमाची असावीत, आपल्या टसरच्या जातीची. अ‍ॅरिस्टॉटलने हे कापड पहिल्यांदा विणल्याचे श्रेय कोसच्याच पाम्फिले नावाच्या स्त्रीला दिले आहे. म्हणजे भारतीय मलमल भूमध्य समुद्रात उतरली तेव्हा अंग झाकते की दाखवते असा प्रश्न पाडणारे कापड तिथे आधीच होते, आणि त्याच्यावर नाके मुरडणारे रोमन नीतिवादीही होते. मलमलीला तिथे गिऱ्हाईक नव्याने घडवावे लागले नाही.

दुसरे नाते मद्याचे. कोसच्या मद्यात समुद्राचे पाणी घालत. ते इतके लोकप्रिय झाले की इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमनाने आपल्या शेतीच्या पुस्तकात ते इटलीतच कसे करावे याची कृती देऊन टाकली. कोसच्या मद्याचे रांजण उंच, निमुळत्या बुडाचे आणि दोन कानांचे असत. प्रत्येक कान मातीच्या दोन कांड्या शेजारी शेजारी जोडून केलेला. इटलीतल्या कुंभारांनी हा घाटही उचलला. मद्य नकली आणि रांजणही नकली, पण खप जोरात. अशा रांजणाला अ‍ॅम्फोरा म्हणतात. त्याचे तुकडे भारतात सापडतात. तमिळ किनाऱ्यावरच्या अरिकामेडू इथल्या तुकड्यांत कोसचे रांजण ओळखले गेले आहेत.

महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या नेवासे इथे या घाटाचे तुकडे मिळाले. त्यांच्या मातीची तपासणी झाली, तेव्हा काही तुकड्यांचा माग इटलीतल्या नेपल्सच्या आखातापर्यंत गेला. घाट ग्रीक बेटाचा, माती इटलीची, तुकडा नेवाशाचा. पेरिप्लसमध्ये बारिगाझाला येणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक मागणी, असे स्पष्ट म्हटले आहे. पुस्तकातले वाक्य आणि जमिनीतला तुकडा इतके चपखल जुळण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

पण इथे एक सावधगिरी. विसाव्या शतकाच्या मध्यात पश्चिम भारतात कुठेही जाड, निमुळत्या बुडाचा तुकडा मिळाला की ‘रोमन अ‍ॅम्फोरा’ अशी चिठ्ठी लावण्याची पद्धत पडली होती. अलीकडे रोबर्टा टॉम्बर यांनी असे अनेक तुकडे पुन्हा तपासले. त्यांतले बरेच इराणी आखाताकडचे निघाले : आतून डांबर लावलेले, कान नसलेले, लांबट रांजण. म्हणजे आपला व्यापार फक्त रोमशी नव्हता. मेसोपोटेमियाशीही होता आणि नंतरच्या शतकांत तो मोठाही होता. गावोगावच्या ‘आमच्याकडे रोमन सापडले’ या दाव्यांपैकी काही यामुळे गळून पडतात. मला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. नकाशा पुसला गेला नाही, तो रुंद झाला.

मग तेरला काय मिळाले? तेरच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर वर येणाऱ्या वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तिथे आहे. १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले, पुढे देव आणि जामखेडकर यांनीही केले. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत काढलेल्या सुबक मूर्ती, रोमन धाटणीचा दिवा आणि रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल असलेल्या चकत्या इथे मिळाल्या. नाण्याची नक्कल मातीत कशासाठी? बहुधा गळ्यात घालायला. काहींना वरच्या बाजूला ओवायची सोय असते. परक्या राजाचा मुखवटा हा इथे दागिन्याचा नमुना झाला होता. गोरोबाकाकांच्या जन्माआधी हजार वर्षे या गावचे कुंभार दूरदेशीचा घाट आपल्या मातीत उतरवत होते, इटलीचे कुंभार कोसचा घाट उतरवत होते तसेच.

ग्रीक माणसे स्वतः इथवर आली का? ‘यवन’ हा आपला शब्द ज्या इओनिया या नावावरून आला, तो प्रदेश म्हणजे आशिया मायनरचा किनारा आणि त्याला लागून असलेली बेटे. सामोस त्यांतलेच एक. (मराठी बखरींत यवन म्हणजे मुसलमान, शब्दाने केवढा प्रवास केला पाहा.) सह्याद्रीतल्या लेण्यांत यवन दाते भेटतात. कार्ल्याला धेनुकाकटचे यवन, जुन्नरला पाण्याची टाकी खोदवणारा इरिल, नाशिकला दात्तामित्रीहून आलेला धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. इरिल सोडला तर नावे पाहा : सिंहध्वज, धर्म, चंद. हे कालपरवा जहाजातून उतरलेले लोक वाटत नाहीत. वायव्य भारतात कित्येक पिढ्या राहून भारतीय झालेल्यांचे वंशज त्यांत असणार. म्हणून ‘लेण्यांत यवन आहेत, म्हणजे सामोसचे व्यापारी सह्याद्रीत आले’ असे म्हणता येत नाही. तेरमध्ये तर यवनाचा लेखही नाही. वस्तू आल्या, त्या हातोहात आल्या.

उलट दिशेने मराठवाड्याची वस्तू किती दूर गेली असावी, याचा एक साक्षीदार आहे. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, साधारण २५ सेंटिमीटर उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ चा, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. तिच्यासारखी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे आणि अगदी जवळची वाटणारी एक भग्न मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, प्राचीन भोगवर्धनला. पॉम्पेईची मूर्ती मथुरेकडची की दख्खनची, यावर मतभेद आहेत. तिच्यावर कोरलेले अक्षर खरोष्ठी आहे, हा दख्खनच्या बाजूने बोलणाऱ्यांपुढचा अवघड मुद्दा. तरी घडणीचे साम्य भोकरदन आणि तेर यांच्याकडेच ओढते, असे माझे मत आहे. भडोचच्या बाजारात खरोष्ठी जाणणारे व्यापारी असणे मुळीच अशक्य नव्हते.

आणि आता पुन्हा सामोसला. तह झाला, नजराणे पोचले. बार्गोसाचा तो माणूस ऑगस्टसबरोबर अथेन्सला गेला. तिथे त्याने अंगाला तेल लावले, कमरेला एक वस्त्र गुंडाळले आणि हसत हसत पेटत्या चितेवर उडी घेतली. स्ट्रॅबो त्याचे नाव झार्मानोखेगास असे देतो, डिओ झार्मारोस असे. ‘श्रमणाचार्य’ या शब्दाचा हा अपभ्रंश असावा, असे काहींना वाटते. पण बौद्ध श्रमणाने अग्निप्रवेश का करावा, असा प्रश्न इतर विचारतात. थडग्यावर त्याचे नाव, त्याचे बंदर आणि आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे त्याने स्वतःला अमर केले एवढा मजकूर होता.

यानंतर शंभरेक वर्षांनी प्लुटार्क लिहीत होता, तेव्हाही अथेन्समध्ये ते ‘भारतीयाचे थडगे’ म्हणून दाखवले जात असे. त्याच सुमारास तगरच्या गाड्या पैठणच्या वाटेला लागलेल्या होत्या.